खडूची वर्तुळं

प्रिय डंकन,

रविवारी आपण फोनवर बोललोच, मग बुधवारी आईला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. आपला फोन जिन्याखाली आहे आणि तू बोलत असतोस तेव्हा तुझे बाबा माझ्या खांद्याला खांदा भिडवून, रिसीव्हरला कान लावून बसलेले असतात. तिथे मी काय बोलणार? मोबाइल घेऊन परसात गेले तर मागोमाग येतात, 'कोण गं? डंकन का?' करत. हल्ली मला नजरेआड होऊ देत नाहीत. लग्नाच्या पहिल्या वर्षी असे वागले असते तर मी हरखून गेले असते. आता बुधवार तेवढा माझा असतो. बुधवारी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचं जेवण असतं, खिमा, बटाटे, वर कस्टर्ड, आणि मग डॉमिनो. बस डेपोतला त्यांचा जुना जोडीदार क्लाइव्ह त्यांना अकराला घेऊन जातो आणि अडीचला आणून सोडतो. डॉमिनोत ते अजूनही लबाडी करतात म्हणे, आणि पकडलं की म्हणतात, 'माझी आठवण गेलीय, मला काय माहीत!' एवढं बरं सुचतं त्यांना.

घरी तसं ठीक आहे. सॉल्वेच्या खाडीवरून वारा सुटलाय तो चार दिवस थांबायचं नाव घेत नाही. धुणं वाळतं, पण कपड्यांना खारट वास येतो. परसातला रुबार्ब हातभर वर आलाय. शेजारच्या बेरिलची मांजर पुन्हा आपल्या कोळशाच्या खोलीत व्यायली, आणि बेरिलचं म्हणणं असं की ही माझी जबाबदारी, कारण खोली माझी. मी शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं चारशे पोरांना जेवू घातलंय, पाच पिल्लं मला जड नाहीत.

आता गाडी. रविवारी तू विचारलंस, 'बाबा, गाडी कुठवर आली?' आणि ते म्हणाले, 'अजून दोन आठवडे.' तू हसलास. मीही हसले, कारण ते माझ्या तोंडाकडे बघत होते. पण डंकन, ती गाडी दोन आठवड्यांत होणार नाही आणि दोन वर्षांतही होणार नाही. तुझ्या बाबांना आता त्या शेडमध्ये पाऊल टाकू देऊ नका, असं सगळे मला बजावतायत. डॉक्टर सांगतात, नर्स सांगते, क्लाइव्ह सांगतो. ते कसं करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. गेले तीन आठवडे मी हे तुझ्यापासून लपवलं, आणि आता माझ्याच्याने होत नाही.

गाडी घरी आली तो दिवस तुला आठवतो का? तू एकोणीस वर्षांचा होतास. मेरीपोर्टच्या एका पाद्र्याच्या विधवेकडे ती पडून होती. १९६६ सालची, हिरवी, उघड्या टपाची. तू तिच्या रंगाकडे बघत होतास, चाकांच्या चकचकीत टोप्यांकडे बघत होतास, आणि तुझे बाबा चांगली पँट घालून सरळ जमिनीवर आडवे झाले. खिशातून छोटी हातोडी काढली आणि खालून ठोकायला लागले. ठण, ठण, ठण, आणि मग एका जागी थप्प. 'ऐकलंस का रे?' म्हणाले. 'हे लोखंड बोललं नाही. इथे नुसतं डांबर आहे.' त्या बिचाऱ्या बाईच्या नवऱ्याने दर शरद ऋतूत, रस्त्यावर मीठ पडायच्या आधी, गाडीच्या खालच्या सांगाड्याला डांबराचा एक हात मारला होता. वीस वर्षं, न चुकता. पण आधीचा गंज न खरवडता. बाबा तिला म्हणाले, 'बाई, तुमच्या नवऱ्याने पाणी आत कोंडून वरून पांघरूण घातलं हो.' ती रडायलाच लागली. मी बाबांना कोपराने ढोसलं. तरी तू ती गाडी घेतलीसच, आणि येताना तिघंही त्या टपाशिवायच्या गाडीत कुडकुडत आलो. माझ्या पायाखालून रस्ता दिसत होता.

तू न्यूझीलंडला गेलास तेव्हापासून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. बाबांनी तिला हात लावला नाही. 'त्याची गाडी आहे, तो येईल तेव्हा बघू,' एवढंच म्हणायचे. मग दोन वर्षांपूर्वी कार्लाइलला जाऊन त्यांच्या डोक्याचे फोटो काढले आणि दुखण्याचं नाव कळलं. घरी आल्यावर ते तीन महिने खिडकीशी बसून होते. दाढी करायचे नाहीत. मी बोलले की म्हणायचे, 'कशाला?' जेवायला चल, कशाला. फिरायला चल, कशाला. त्या एका शब्दाने मी वेडी व्हायची पाळी आली होती. तेव्हा नर्स म्हणाली की हातांना ओळखीचं काम द्या, मेंदू विसरतो ते हात लक्षात ठेवतात. आणि मीच तुला फोन करून सांगितलं की त्यांना म्हण, माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी येतो, गाडी तयार ठेवा, आपण दोघं किनाऱ्याकिनाऱ्याने स्कॉटलंडला जाऊ. तुझ्या मनात होतं की नव्हतं कोण जाणे, पण तू म्हणालास. दर रविवारी गाडीची चौकशी कर, हेही मीच सांगितलं. तू एकही रविवार चुकवला नाहीस. त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुझे बाबा दाढी करून, निळा डगला चढवून शेडच्या दारात उभे होते. मी भांडी घासता घासता रडले, हे तुला कधी सांगितलं नाही.

पहिला हिवाळा खरोखर चांगला गेला. ते काम करताना बघावं अशी त्यांची रीत तुला माहीत आहे. चौतीस वर्षं बसगाड्यांच्या पोटाखाली काढली, पण घाई नावाची गोष्ट अंगात नाही. गाडी घोड्यांवर, म्हणजे त्या उंच लोखंडी टेकूंवर, चढवली. दोन्ही दारांच्या चौकटीत आधाराचे लोखंडी दांडे जोडून घेतले, कारण खालचा सांगाडा कापला की गाडी मधोमध झुकते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. सगळं जुनं डांबर खरवडून काढलं. मग हातोडीने इंच इंच ठोकत गेले आणि जिथे आवाज बसका आला तिथे पिवळ्या खडूने वर्तुळ काढलं. सदतीस वर्तुळं. तेवढी मोजायला मला बोलावलं होतं. मग एक बाजू पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. सडकं कापायचं, नवा पत्रा बसवायचा, वेल्डिंग, प्रायमर, रंग, आणि सगळ्यात शेवटी, आतून गंज धरू नये म्हणून, पोकळीत मेण. मेण शेवटी, हे त्यांनी डेपोतल्या प्रत्येक नव्या माणसाच्या डोक्यात घातलं होतं. एकदा मेण भरलं की त्या लोखंडाजवळ पुन्हा विस्तव न्यायचा नाही. क्लाइव्ह गुरुवारी चहाला यायचा, खाली वाकून बघायचा आणि म्हणायचा, 'नॉर्मन, लेका, एवढी सुबक शिवण माझ्या बायकोलाही जमत नाही.' बाबा लाजायचे. मला वाटलं, निघालो आपण यातून.

ऑक्टोबरात क्लाइव्हने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाला, 'ऑड्री, तो चांगलं लोखंड कापतोय.' मला आधी कळेचना. मग त्याने मला खाली वाकायला लावलं आणि दाखवलं. झालं होतं असं की वर्तुळ काढायचं, मधलं सडकं कापून पत्रा बसवायचा, आणि वर्तुळ तसंच राहू द्यायचं, ही त्यांची चौतीस वर्षांची सवय. पुसायची गरजच काय? कुठलं झालं, कुठलं राहिलं, हे डोक्यात असायचं. आता डोक्यात राहत नव्हतं. आठवड्याने शेडमध्ये गेले की वर्तुळ दिसायचं, आणि वर्तुळ म्हणजे सडकं. स्वतःच्या हातची ती सुबक शिवण ग्राइंडरने कापून टाकायची आणि पुन्हा नवा पत्रा लावायचा. एका जागी तर तीनदा. दर खेपेला आजूबाजूचं थोडं थोडं चांगलं लोखंड जात होतं आणि भोक मोठं होत होतं.

मी त्यांना सांगितलं. जेवताना, सरळ. कधी कधी मला वाटतं मी शाळेतल्या पोरांशी बोलते तशीच सगळ्यांशी बोलते. म्हटलं, 'नॉर्मन, हे तू मागच्या आठवड्यात केलंयस.' त्यांनी काटा खाली ठेवला. 'चौतीस वर्षं मी हेच केलं. आता तू मला शिकवणार? तू आपली खीर ढवळ.' आणि ताट तसंच टाकून शेडमध्ये गेले. अर्ध्या तासाने परत आले आणि विचारलं, आज जेवण नाही का. मी पुन्हा वाढलं.

त्यानंतर मी जे केलं ते ऐकून तुला हसू येईल, निदान सुरुवातीला. ते दुपारी लवंडले की मी ओलं फडकं घेऊन शेडमध्ये जायची, गाडीखाली सरकायची आणि जिथे काम झालंय तिथली वर्तुळं पुसून टाकायची. बहात्तर वर्षांची बाई, ॲप्रन घातलेली, गाडीखाली उताणी! बेरिलने एकदा कुंपणावरून माझे नुसते पाय बघितले आणि किंचाळली. पण युक्ती चालली, डंकन. वर्तुळ दिसलं नाही की ते तिकडे वळायचेच नाहीत. डिसेंबर, जानेवारी असे गेले आणि गाडी खरंच पुढे सरकायला लागली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की क्लाइव्हलाही सांगितलं नाही.

पण मला त्या कामातलं काय कळतं? नवा पत्रा चकाकत असेपर्यंत ठीक होतं. प्रायमरचा हात मारला की झालेलं आणि राहिलेलं सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. मी अंदाजाने पुसायला लागले. मार्चमध्ये एका दुपारी माझी कंबर इतकी धरली होती की खालून बाहेरच येता येईना. तशीच पडून राहिले आणि वर उरलेल्या सहा-सात वर्तुळांकडे बघत होते. मला राग आला. कोणाचा, ते नको विचारू. मी सगळी पुसून टाकली. त्यातलं एक मागच्या चाकापाशी होतं आणि तिथे माझं बोट आत जाईल एवढं भोक होतं, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ते खाली गेले आणि दहा मिनिटांत धावत स्वयंपाकघरात आले. धावत, डंकन. 'अगं, झालं की! सगळं झालं! एक सुद्धा राहिलं नाही!' माझे दोन्ही हात धरले आणि मला तिथल्या तिथे गोल फिरवलं. तू सांग, त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं? मला ठाऊक आहे काय म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, 'शाब्बास.' त्यांनी दारांमधले आधाराचे दांडे काढून टाकले, आता लागत नाहीत म्हणून. दोन दिवसांनी छान ऊन पडलं आणि आम्ही मेण भरायचं ठरवलं. तू घरात होतास तेव्हा आम्ही दर वर्षी जुन्या व्हॅनला भरायचो तसंच, माझ्या मुरंब्याच्या पातेल्यात गरम पाणी करून त्यात मेणाचा डबा ठेवून. ते पुढच्या बाजूने नळी घालून फवारत होते आणि मी मागे बादली घेऊन बसले होते. मेण पार शेवटपर्यंत पोचून खालून टपकायला लागलं की ओरडून सांगायचं, हे माझं काम. टपकलं. त्यासाठी ठेवलेल्या छिद्रातून नाही, त्या गंजलेल्या भोकातून. मी ओरडले, 'आलं!' आणि तिकडून ते ओरडले, 'शाब्बास, ऑड्री!' तो दिवस फार सुंदर गेला. मला तो दिवस परत दिला तर मी पुन्हा तेच करीन की काय, याची मला भीती वाटते.

त्या रविवारी त्यांनी तुला सांगितलं, 'गाडी झाली,' आणि तू तिकडून आरोळी ठोकलीस. पुढच्या रविवारी पुन्हा 'दोन आठवडे' म्हणाले तेव्हा तू गोंधळलास आणि मी मांजरीचा विषय काढला. मधल्या गुरुवारी काय झालं ते आता सांगते. आणि हो, त्यांचा डावा हात किटलीच्या वाफेने भाजला असं मी तुला सांगितलं, ते खोटं होतं.

सकाळचे दहा वाजले असतील. मी पेस्ट्रीसाठी कणीक लाटत होते. मला मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास आला, पण घरभर. शेडमध्ये गेले तर हे गाडीखाली आडवे, तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा, आणि सांगाड्याच्या छिद्रांतून ओळीने ज्वाळा येत होत्या, गॅसच्या शेगडीसारख्या. आत भरलेलं मेण पेटलं होतं. हातोडीने ठोकत गेले असणार, भोक सापडलं असणार, आणि चार दिवसांपूर्वी आपणच मेण भरलंय हे काही आठवलं नसणार. ते हलत नव्हते. जळत्या मेणाचे थेंब हातावर पडत होते आणि ते मुखवट्यातून नुसते वर बघत होते. मी घोटे धरून त्यांना ओढलं. कुठून बळ आलं माहीत नाही. एक सपात माझ्या हातात आली ती मी फेकून दिली आणि पुन्हा ओढलं. बेरिलने अग्निशमनवाल्यांना फोन केला. ते येईपर्यंत मी बागेची नळी आत सोडून ठेवली होती. दोन बोटांची कातडी गेली. डॉक्टर म्हणाले, नशीब.

पण मला झोंबलं ते वेगळंच. हातावर पट्टी बांधून घरी आणलं, चहा दिला, तर म्हणतात, 'त्यात मेण कुणी भरलं? वेल्डिंगच्या आधी मेण? कुठल्या गाढवाचं काम हे?' चिडून लाल झाले होते. मी म्हटलं, 'मी भरलं.' मग त्यांनी मला संपूर्ण दुपार समजावलं. मेण शेवटी का असतं, आत वाफ कशी धरते, डेपोत एकदा काय झालं होतं. मी मान डोलवत ऐकलं. शेवटी माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, 'जाऊ दे, तुला काय माहीत.' मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

दुसऱ्या दिवशी क्लाइव्हने वेल्डिंगचं सामान आणि गॅसची टाकी उचलून नेली आणि शेडला कुलूप घातलं. तेव्हापासून रोज सकाळी हेच. डगला घालतात, शेडपाशी जातात, कुलूप ओढतात. 'ऑड्री, किल्ली? डंकनची गाडी राहिलीय.' मी सांगते, हरवली. मग सगळे खण उपसतात, चोर आले होते म्हणतात, क्लाइव्हला चोर म्हणतात, परवा मला म्हणाले. आणि थकले की रंगाचा रिकामा डबा उपडा घालून शेडच्या दाराशी बसतात, त्या खाऱ्या वाऱ्यात, जेवायची हाक मारेपर्यंत. गेल्या शुक्रवारी मी पोस्टात गेले होते, पंधरा मिनिटं. परत आले तर पहारीने कोयंडा उचकटलेला, आणि हे गाडीखाली हातोडीने ठोकत होते. आधाराचे दांडे नाहीत, दोन्ही बाजूंनी कापाकापी झालेली, गाडी मधोमध खाली आलेली. ते ठोकत होते आणि प्रत्येक ठोक्याला ती घोड्यांवर हलत होती. मी ओरडले नाही. दचकले असते तर? मी गुडघ्यांवर बसून हळूच म्हटलं, 'नॉर्मन, चहा झालाय.' बाहेर आले. क्लाइव्हने नंतर गाडी ओंडक्यांवर उतरवली, पण गाडी वर उचलायचा जॅक ते कुठूनही शोधून काढतात. मला हल्ली कधी कधी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात, जॅक मात्र विसरत नाहीत.

गाडी उचलून नेऊ का, असं क्लाइव्हने विचारलं. जानेवारीत एकदा ते स्वतःचा डगला शोधायला म्हणून निघाले आणि बंधाऱ्यापलीकडे वाळूत सापडले, भरती यायच्या वेळेला. तुझी गाडी दिसली नाही तर किती लांब जातील? म्हणून मी बोलून बघितलं. म्हटलं, गाडी झाली, आता काही करायचं नाही. तर म्हणाले, 'मग मेण कधी भरलं? दाखव.' एकदा मन घट्ट करून म्हटलं, 'डंकनला गाडी नकोय रे आता.' ते माझ्याकडे बघून हसले. अगदी मायेने हसले. म्हणाले, 'असं असतं तर त्याने मला सांगितलं असतं. दर रविवारी विचारतो ना तो.'

तेव्हा बाळा, ऐक. येत्या रविवारी नेहमीच्या वेळेला फोन कर, आणि ते काही बोलायच्या आधी तूच सांग. बाबा, मला गाडी नकोय. क्लाइव्हला देऊन टाका. 'पुढे बघू' म्हणू नकोस, 'तुम्ही दमला असाल' म्हणू नकोस. जरा माया दिसली की ते तेवढीच धरून पुन्हा डगला चढवतील. तुटक बोल. स्कॉटलंडचं विचारलं तर म्हण, ते असंच बोललो होतो. तसं म्हणणं तुला जड जाईल हे मला माहीत आहे. नाताळात तू नुसतं म्हणालास की सुट्टीचं कदाचित जमणार नाही, तर चार दिवस ते शेडकडे फिरकले नव्हते, खिडकीशी बसून होते. या वेळीही बसतील. पुन्हा 'कशाला' म्हणतील, आणि ते मी ऐकून घेईन. खिडकीशी बसलेले मला चालतील, गाडीखाली नकोत. मी सांगितलेलं त्यांना पटलं असतं तर हे तुझ्या जिवावर टाकलं नसतं. आणि एकच गोष्ट उरली, ती लिहिताना माझा हात अडतोय. ते पाचव्या दिवशी विसरतील. शुक्रवारी सकाळी दाढी करून शेडच्या दाराशी उभे असतील, डंकनची गाडी राहिलीय म्हणून. तेव्हा त्याच्या पुढच्या रविवारी तुला हे पुन्हा सांगावं लागेल, आणि त्याच्याही पुढच्या. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकतील.

तुझीच, तुझ्याकडे हे मागताना लाजलेली,
आई